कागदावर चालू असलेला फोन

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. गडचिरोलीत आमच्या खासदारांच्या कार्यालयात टायपिस्ट म्हणून लागून सहा महिने झाले होते. कार्यालय म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या माडीतल्या दोन खोल्या. बाबा शाळामास्तर. मॅट्रिकनंतर त्यांनी मला मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग शिकायला लावलं होतं, आणि त्या जोरावर मी घरातली पहिली नोकरदार मुलगी झाले होते.

खासदारांना सगळे भाऊ म्हणत, मीसुद्धा. धानाची शेती करणारा माणूस, अंगाने थोराड, आवाज मात्र हळू. दर तालुक्याची त्यांनी एक शाळेची वही केली होती. मुलचेऱ्याच्या वहीत बंगाली निर्वासितांच्या गावांचे दाखले आणि जमिनीचे पट्टे, एटापल्लीच्या वहीत रस्ते, पूल आणि बंद पडलेले दवाखाने. अधिवेशन नसलं की शनिवारी लोक जिना चढून यायचे, भाऊ खाली सतरंजीवर बसून एकेकाचं लिहून घ्यायचे आणि सोमवारी मी ते टाइप करायची.

अशाच एका शनिवारी, दिवाळीच्या थोडं आधी, एक माडिया आदिवासी बाई आली. पन्नाशीची असेल. एटापल्लीच्या पलीकडे, सूरजागडच्या डोंगरांच्या बाजूचं तिचं गाव. पहाटे निघून, दोन बस बदलून ती आली होती. गावात तिचं मीठ-तेलाचं छोटं दुकान होतं, आणि घरावर टिनाचं छप्पर होतं म्हणून सरकारने गावाचा टेलिफोन तिच्याकडे बसवला होता. छपराशेजारी उंच खांब, खांबावर ॲन्टेना, बाजूला उन्हावर चालणारी काळी पाटी. बसवला त्या दिवशी एकदा वाजला. त्यानंतर दोन वर्षं वाजला नाही.

"रोज फडक्यानं पुसतो मी त्याले," ती म्हणाली. तिकडच्या बायका बोलताना असंच बोलतात, पुरुषासारखं. "लोक म्हणतात, बाईनं मुका पोसला."

भाऊंनी विचारलं, "तक्रार केली का, बाई?"

"तीनदा केली. साहेब म्हणते, आमच्या कागदावर चालू आहे. मी म्हटलं, मंग कागदावरच बोला."

तिची मुलगी चंद्रपुरात नर्सिंग शिकत होती. मुलीचा आवाज ऐकायचा तर एटापल्लीला जावं लागे. गावात कोणी आजारी पडलं, तरी गाडी बोलवायला माणूसच सायकलवर पाठवावा लागे. हे सगळं तिने रडगाणं न लावता सांगितलं. भाऊ लिहीत होते. शेवटी वही मिटून ते हसत म्हणाले, "एवढं चांगलं तर मलेबी सांगता येणार नाई. तुम्हीच या दिल्लीले, मंत्र्याले सांगाले."

बाईने मान हलवली आणि बस पकडायला गेली.

भाऊंनी त्याच दिवशी मला प्रश्न सांगितला: जिल्ह्यातल्या किती गावांना टेलिफोन दिले, त्यांतले किती चालू आहेत आणि बंद असलेले कधी सुरू होतील. मी तो तीनदा टाइप केला, कारण संसदेला जाणाऱ्या कागदावर खाडाखोड नको होती. तारांकित प्रश्न म्हणून तो दिल्लीला गेला. तारांकित म्हणजे मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं, आणि त्यावर पुन्हा विचारताही येतं. पण असे प्रश्न शेकड्यांनी येतात आणि चिठ्ठ्या टाकून थोडेच निघतात. भाऊंचा एकही प्रश्न तोवर निघाला नव्हता.

हिवाळी अधिवेशन सुरू झाल्यावर एका सकाळी दिल्लीहून भाऊंचा फोन आला.

"लागला," ते म्हणाले.

"कोण लागला, भाऊ?"

"अवं, प्रश्न लागला. टेलिफोनचा. पुढच्या आठवड्यात आहे. त्या बाईले कळव."

कळवायचं कसं? फोन तर करता येत नव्हता. मी चिठ्ठी लिहिली आणि एटापल्लीच्या बसच्या कंडक्टरला दिली. चिठ्ठीत एवढंच होतं की तुमचा प्रश्न दिल्लीत अमुक तारखेला येणार आहे. ती पुढच्या बसने गावाजवळ पोचली, तिथून शाळेतल्या गुरुजींकडे, आणि गुरुजींनी बाईला वाचून दाखवली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई जिना चढून वर आली. खांद्याला पिशवी होती.

"चाल," ती म्हणाली. "तारीख जवळ आली."

मला काही कळेना. "कुठं?"

"दिल्लीले. भाऊंनं बलावलं ना."

मी दिल्लीला फोन लावला आणि घाबरत घाबरत सगळं सांगितलं. मग भाऊ हसायला लागले, आणि ते इतकं हसू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. "मी बोललो ना? मंग बोललो ते बोललो. तिले घेऊन ये. तूबी पाहून घे, तू टाइप केलेला कागद कुठी जाते ते."

आईने तिचा आणि बाबांचा असे दोन स्वेटर आणि एक शाल आमच्या हवाली केली. बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "संविधान जिथं लिहिलं गेलं तिथं चालली आहेस. बघून ये नीट." मला तर आनंदाने जेवण जात नव्हतं.

चंद्रपूरला आम्ही गाडीत बसलो. बाई पहिल्यांदाच रेल्वेत बसत होती, मी दुसऱ्यांदा. तिने खिडकी धरली ती सोडलीच नाही. रुळाच्या कडेने तारांचे खांब पळत होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पाह्य, या खांबायले एवढे तार लागते. आमच्या खांबाले एकबी तार नाई. हवेतून आवाज येते म्हणे. कसा येईन?" बाजूच्या बाकावरचे एक मुसलमान चाचा आदिलाबादचे, लाकडी खेळण्यांचे कारागीर. त्यांनी तिला हवेतून आवाज कसा येतो ते इटारसीपर्यंत समजावलं. तिने त्यांना पिशवीतली चारोळी दिली आणि शेवटी मला म्हणाली, "त्यायलेबी नाई समजलं."

संसदेच्या दारात भाऊ आम्हाला घ्यायला आले. त्यांनी पास आधीच काढून ठेवले होते. पण प्रेक्षक कक्षात काहीही नेता येत नाही; पिशव्या स्वागत कक्षात तपासून ठेवायच्या. शिपायाने बाईची पिशवी उघडली. वर चारोळीची पुडी, खाली टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेला टेलिफोनचा काळा रिसीवर, गुंडाळीच्या वायरसकट.

"यह क्या है?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. मीही तो पहिल्यांदाच पाहत होते.

"बिगडलेली चीज दुरुस्तीले आणा लागते ना," ती शांतपणे म्हणाली. "पूरा फोन मोठा होता. म्हून एवढाच आणला."

भाऊंनी कपाळाला हात लावला. मग त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी शिपायाला रिसीवर नीट जमा करून घ्यायला सांगितलं आणि पावती स्वतःच्या खिशात टाकली.

वरून सभागृह मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान दिसलं. भाऊ मागच्या बाकावर बसले होते आणि पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने सांगितलं होतं की बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पुढे वाकायचं नाही. प्रश्नांचा क्रमांक पुढे सरकत होता, घड्याळही सरकत होतं. बारा वाजले की तास संपणार. पावणेबाराला अध्यक्षांनी भाऊंचं नाव पुकारलं.

मंत्र्यांनी हिंदीत उत्तर वाचलं. अमुक गावांना फोन दिले, नावांची यादी सोबत जोडली आहे, यादीतले सर्व फोन चालू आहेत. यादीत बाईच्या गावाचं नाव होतं; भाऊंनी ती सकाळीच मला दाखवली होती.

मी तिच्या कानात सांगितलं. "नाई," ती म्हणाली. फार मोठ्याने नाही, पण पहारेकऱ्याने ओठावर बोट ठेवलं.

भाऊ उभे राहिले. त्यांची हिंदी आमच्यासारखीच होती, अर्धी झाडीपट्टीतल्या मराठीची. "अध्यक्ष महोदय, यादी में जो गाँव है, वहाँ की बाई खुद आज दो दिन का प्रवास करके आई है। उस फोन का रिसीवर इस समय आपके ही स्वागत कक्ष में जमा है। मेरे पास पावती है। मंत्रीजी खुद उठाके देख लें, चालू है क्या।"

सगळं सभागृह हसलं. दोन्ही बाजू हसल्या. अध्यक्षही हसले, आणि भाऊंना म्हणाले की कागदाशिवाय दुसरा पुरावा सभागृहात आणायची पद्धत नाही, पण स्वागत कक्ष सभागृहाच्या नियमात येत नाही. मंत्री उभे राहिले. तेही हसत होते. त्यांनी सांगितलं की माननीय सदस्यांनी त्या बाईंना घेऊन आपल्या खोलीत यावं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाईने विचारलं, "काऊन हासून राह्यले सारे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "हासले त काम होईन. चिडले असते त नसतं झालं."

दुपारी पावती दाखवून पिशवी सोडवली आणि आम्ही मंत्र्यांच्या खोलीत गेलो. जाड गालिचा होता. बाईने दाराशी चपला काढल्या, तिचं पाहून मीही काढल्या. मंत्र्यांनी रिसीवर हातात घेतला, उलटसुलट पाहिला. शेजारचे एक अधिकारी नम्रपणे म्हणाले, "साहब, यह तो यहाँ बजेगा ही नहीं। इसमें मशीन कहाँ है?"

मी बाईला मराठीत सांगितलं. बाई मंत्र्यांना म्हणाली, "कानाले लावून पाहा."

मी हिंदीत सांगितलं आणि मंत्र्यांनी खरंच लावला.

"काय आयकू येते?"

"कुछ नहीं," मंत्री म्हणाले.

"आमच्या गावात मशीनसंगं लावला तरी हेच आयकू येते."

हे मात्र मला हिंदीत सांगायची गरज पडली नाही. मंत्री खुर्चीत मागे टेकून हसले, मग एकदम गंभीर झाले आणि अधिकाऱ्यांना म्हणाले की या यादीतलं एकेक गाव कोणीतरी स्वतः जाऊन पाहून येईल, आणि ही यादी नव्याने आपल्याकडे येईल. बाईने चारोळीची पुडी टेबलावर ठेवली. "खिरीत टाका," ती म्हणाली आणि रिसीवर पुन्हा पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी आम्हाला दिल्ली दाखवली. बाईला सगळ्यात आवडलं ते प्राणिसंग्रहालय. तिथल्या वाघासमोर उभी राहून ती म्हणाली, "बिचारा," आणि बराच वेळ त्याच्याशी माडियात काहीतरी बोलली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही.

होळीच्या आधी तिच्या गावात जीप गेली. तीन माणसं होती. ॲन्टेनाची वायर माकडांनी केव्हाच खाल्ली होती, आणि काळ्या पाटीवर इतकी पानं साचली होती की ऊन पोचत नव्हतं. दोन दिवसांत काम झालं. यादीतल्या इतर गावांतही माणसं गेली. काही फोन सुरू झाले, काही ठिकाणी पुढचा पावसाळा जावा लागला.

एका मंगळवारी कार्यालयात फोन वाजला. मी उचलला. पलीकडे खूप खरखर, कोंबडा आरवल्याचा आवाज, आणि मग बाई ओरडली, "कोण होय?"

"मी, बाई. टायपिंगवाली."

"तूच होय का? मी पाहून राह्यलो, लागते का नाई ते." मग तिने मागे वळून माडियात कोणाला तरी काही सांगितलं आणि पाच-सहा बायका हसल्याचं मला ऐकू आलं. तिने मला मोहाची फुलं किती पडली ते सांगितलं, नवी सून कशी आहे ते सांगितलं, पोरीशी काल अर्धा तास बोलल्याचं सांगितलं, आणि आईचा स्वेटर परत करायचा राहिला म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. भाऊ जिना चढून वर आले तेव्हाही मी बोलतच होते. त्यांनी खूण करून विचारलं, कोण? मी नुसता फोन त्यांच्या कानाला लावला. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले, "हो बाई, हो बाई" म्हणत, आणि मग सतरंजीवर मांडी घालून बसले, कारण बाईला आता गावच्या फुटलेल्या तलावाचंही सांगायचं होतं.