मागच्या पत्र्यावरची पाटी

वडिलांची होडी परत आणायला मी गेलो, तेव्हा बोललेलं पहिलं वाक्य अजून मला जेवताना मध्येच आठवतं आणि घास तोंडात फिरतो. मी म्हणालो होतो, "काका, होडी सांभाळायला दिली होती, सोलायला नाही."

पुण्यात याला विनोद म्हणतात. समोरचे काका पानशेतच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठी राहणारे, मासेमारीवर पोट असलेले, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. म्हणाले, "वापरली तर झिजणारच की, दादा. घिऊन जा. सायबांची हाय."

'साहेब' म्हणजे माझे वडील. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. एका बंद पडलेल्या बांधकामाच्या लिलावात त्यांनी ही ॲल्युमिनियमची होडी आणि ती ओढून न्यायचा दोन चाकांचा ट्रेलर घेतला. का घेतला, ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही. रविवारी पहाटेच्या एसटीनं ते गळ घेऊन जायचे, दिवसभर काकांबरोबर पाण्यावर बसायचे आणि संध्याकाळी नारायण पेठेत रिकाम्या हातानं परत यायचे. आमच्या स्वयंपाकघरात मासा येणं शक्यच नव्हतं. वडील काकांकडेच जेवायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, "आज काही लागलं नाही." आई म्हणायची, "मग भूक का नाही?"

त्यांना दुसरा नाद पाट्यांचा. अक्षर सुंदर आणि जीभ तिखट, त्यामुळे घरातली एकही वस्तू सुटली नव्हती. सामाईक नळावर लिहिलं होतं, 'नळ बंद केल्यास पाणी थांबते. प्रयोग करून पाहावा.' छत्रीच्या दांड्यावर बारीक अक्षरांत, 'ही छत्री विसरलेली नाही, ठेवलेली आहे.' आणि प्रत्येक पाटीच्या शेवटी 'हुकुमावरून'. हुकूम कोणाचा, हे विचारायची सोय नव्हती.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांचं जाणं बंद झालं. फक्त एकदा, वारण्याच्या आदल्या वर्षी, ते एकटेच निघाले. पिशवीत ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश होता. मला म्हणाले, "सोडतोस का गाडीनं?" मी तेव्हा खराडीला नोकरी करत होतो. शनिवार असूनही लॅपटॉप उघडून बसलो होतो. म्हणालो, "पुढच्या आठवड्यात जाऊ." ते रिक्षानं स्वारगेटला गेले आणि तिथून एसटीनं पुढे. संध्याकाळी आले तेव्हा बोटांना पांढरा रंग होता. कशाला गेला होतात, असं मी विचारलंही नाही.

ते गेल्यावर सहा-सात वर्षं मला होडी आठवली नाही. नोकरी सोडली, दिवस रिकामे झाले, आणि बरोबरीचे लोक जुन्या जीपा, जुन्या बुलेटी नव्या करून त्यांचे फोटो टाकायला लागले. तेव्हा अचानक मला वडिलांबद्दल प्रेम दाटून आलं. हे असं लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते असंच.

त्या दिवशी मी टेम्पो घेऊन गेलो होतो. होडीवर ठिगळं होती, आतून गडद निळा रंग फासलेला होता, ट्रेलर गंजून एका बाजूला बसला होता. माझं ते वाक्य ऐकूनही काकांनी होडी आणि ट्रेलर टेम्पोत चढवायला हात लावला. दोर करकचून बांधल्यावर पत्र्याला चरे पडू नयेत म्हणून दोराखाली गोणपाटाच्या घड्या सरकवल्या आणि मागून वल्ही आणून दिली. मला वाटलं, म्हातारा ओशाळला असणार.

कात्रजच्या पुढे एका शेडमध्ये एक चाचा पत्र्याचं काम करतात. त्यांचे आजोबा तांब्याची भांडी घडवायचे, वडील ॲल्युमिनियमची पातेली, आणि ते स्वतः दुधाचे टँकर आणि ट्रकच्या बॉड्या दुरुस्त करतात. होडी त्यांनी याआधी पाहिली नव्हती. तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "भांडंच आहे. फक्त हे बाहेरून पाण्यात असतं."

मग भांड्याची असते तशीच तिची परीक्षा झाली. ओंडक्यांवर होडी ठेवून त्यांनी नळीनं आत पाणी भरलं आणि आम्ही दोघं खाली उकिडवे बसलो. जिथे थेंब धरेल तिथे चाचा खडूनं गोल काढायचे. मी म्हणालो होतो, निम्मी होडी गळणार. तासाभरानं गोल झाले तीन. तेही मूळ शिवणीवर. ठिगळं अकरा होती, त्यातलं एकही गळत नव्हतं.

चाचांनी एक ठिगळ उघडून पाहिलं. आत टायरच्या ट्यूबचा रबर बेतून कापलेला, वरून पत्रा, कडा घासून गोल केलेल्या, रिबिटी एका ओळीत. "कुणी केलंय हे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आहे एक मासेमार." ते म्हणाले, "मासेमार नाही, साहेब. कारागीर आहे. ही होडी त्यानंच जिवंत ठेवलीय. नाहीतर तुम्हाला भंगार मिळालं असतं." मी ट्रेलरच्या बेअरिंगचा विषय काढला.

ट्रेलरचं काम सोपं होतं. गंजलेला आडवा पाइप बदलला, नवी बेअरिंग, नवे टायर, वर लाल ऑक्साइड आणि काळा रंग. मी रोज जाऊन बसायचो, पॉलिश पेपरनं घासायचो, फोटो काढायचो. 'बाबांची होडी पुन्हा पाण्यात उतरणार' असं लिहून ते सगळीकडे पाठवायचो. लोक अंगठे आणि हात जोडलेली चित्रं धाडायचे.

तिसऱ्या आठवड्यात चाचा आतला निळा रंग काढत होते. होडीच्या मागच्या सपाट पत्र्यावर आतल्या बाजूनं तो पापुद्र्यानं सुटायला लागला आणि खालून पांढरी अक्षरं निघाली. चाचांनी खरवडणं थांबवलं, फडक्यानं पत्रा पुसला आणि मला हाक मारली.

'ही होडी रोज वल्हवणाऱ्याची आहे. आमच्या वारसांनी हवे तर मासे विकत घ्यावेत, होडी मागू नये. हुकुमावरून.'

अक्षर ओळखायला मला क्षणही लागला नाही. 'वारसांनी'मधला तो 'र', त्याचं शेपूट ते नेहमी जरा लांब ओढायचे. वारस मी एकटाच. त्यांच्या बोटांना लागलेला पांढरा रंग आठवला.

त्या वेळी शहाण्या माणसानं काय करायला हवं होतं, ते कुणीही सांगेल. मी मनात हिशेब मांडला, की कागद तर काही नाही, वडील थकले होते, पाट्या काय ते कशावरही लिहायचे, आणि इतका खर्च आणि इतके फोटो झाल्यावर आता लोकांना काय सांगू? तोंडानं म्हणालो, "जुनं काहीतरी आहे. मारा प्रायमर."

चाचांना मराठी माझ्याइतकंच वाचता येतं. बाकीची सगळी होडी त्यांनी दोन दिवसांत रंगवली, तेवढा पत्रा सोडून. तिसऱ्या दिवशी ब्रश माझ्या हातात दिला. "तेवढं तुम्ही मारा, साहेब. मेलेल्या माणसाचं बोलणं मी पुसत नाही." आणि माझ्याकडे पाठ करून टँकरच्या कामाला लागले.

मी मारला. राखाडी रंगाचे दोन हात. पहिल्या हातातून अक्षरं दिसत होती, म्हणून वाळेपर्यंत थांबून दुसरा दिला. मग त्या शेडमध्ये कुणी नुसतं खाकरलं तरी मला वाटायचं, आपल्यालाच. चोराच्या मनात चांदणं.

होडी झाली देखणी. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ट्रेलर गाडीला जोडून मी धरणावर गेलो. काकांना दाखवावी, एक फेरी मारावी, फोटो काढावेत आणि परत आणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवावी, असा बेत होता. काठावर पोहोचलो तर काका पाण्यात होते. ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून, पाय मांडीपर्यंत पाण्यात, हातानं पाणी मारत जाळं ओढत होते. त्या थंडीत, त्या वयात.

ते काठावर आले, अंग पुसलं आणि होडीजवळ जाऊन बराच वेळ नुसते बघत राहिले. नव्या रंगावर ओला हात लागू नये म्हणून हात मागे धरले होते. मग मागच्या पत्र्याशी वाकले.

"हितं सायबांनी कायतरी लिवलं हुतं," ते म्हणाले. "दिसलं आसंल तुमाला?"

"नाही हो," मी म्हणालो. "कारागिरांनी सगळं खरवडून काढलं, माझं लक्ष नव्हतं."

"बरं झालं," काका म्हणाले. "सायेब गेल्याचं कळलं तवा मीच निळा मारला त्यावर. म्हनलं, उद्या पोरगा आला तर त्याला वाटायचं, मीच सायबांकडनं लिवून घेतलं."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. त्यांनी झाकलं होतं माझ्यासाठी, आणि मी झाकलं होतं त्यांच्यापासून. आयत्या बिळावर नागोबा व्हायला निघालो होतो, वर बीळ खराब केलंत म्हणून बोललो होतो. खरं सांगायची ती वेळ होती. पण मी काय बोललो? "काका, ही होडी मी तुम्हाला द्यायचं ठरवलंय. ट्रेलरसकट."

'मी ठरवलंय.' त्यांचीच वस्तू त्यांना दान केली मी.

काकांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग वस्तीकडे वळून हाक दिली. चार बायका, दोन म्हातारे आले. "सायबांच्या लेकानं होडी दिली," त्यांनी सांगितलं. एका बाईनं माझ्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. मी तिला थांबवलं नाही.

माणसं पांगल्यावर काका घरातून एक डबा आणि ब्रश घेऊन आले. तळाशी थोडासा पांढरा रंग होता. "सायबांचं तर पुसलं गेलं," ते म्हणाले. "तुमी लिवा कायतरी. तुमच्या मनानं."

मी मागच्या पत्र्यासमोर बसलो. 'वडिलांच्या स्मरणार्थ' लिहिता आलं असतं, 'शुभ यात्रा' लिहिता आलं असतं. काका बाजूला डबा धरून उभे होते. आता खरं लिहिलं तर आपण खोटं बोललो हे उघड होणार, हे मला स्वच्छ कळत होतं. पण दुसरं काही लिहायला हात उठेना. मी लिहीत गेलो, होडी रोज वल्हवणाऱ्याची, मासे विकत घ्यावेत, होडी मागू नये, थेट 'हुकुमावरून'पर्यंत. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

काकांनी अक्षरांसमोर बोट धरून, ती जुळवत, सावकाश सगळं वाचलं. मान वर करायची माझी हिंमत नव्हती.

"वळण तुमचं हाय," ते म्हणाले. "बोलनं सायबांचं हाय." डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि घराकडे निघाले. चार पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाले, "चला, जेवून जा. आज कटला लागलाय."

मी त्यांच्या मागे गेलो. ताटात मासा वाढला गेला, आणि पाटीप्रमाणे विकत घेतो म्हणायलाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.