रस्त्याकडे तोंड केलेलं सोलर

झरीतल्या आमच्या शाळेवर सोलर बसवायच्या कामाला डहाणूहून एक साहेब यायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. उन्हाचं एवढं कौतुक करणारा हा माणूस स्वतः उन्हात कधी उभा राहिला नाही. व्हरांड्यातूनच बोटं दाखवायचा आणि दर दोन वाक्यांनी मला ऐकवायचा, "कोळशाचे दिवस संपले, गुरुजी!"

छपरावरचं पॅनल त्याने उत्तरेला, रस्त्याकडे तोंड करून बसवून घेतलं. मी म्हटलं, "साहेब, ऊन दक्षिणेकडून मिळतं."

तो हसला. "गुरुजी, पाहुणे रस्त्याने येणार. फोटोत पॅनल दिसायला नको?"

पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले. सोलरवर लावलेला वर्गातला पंखा चार गिरक्या घेऊन थांबला, तरी टाळ्या वाजल्याच. ते गेल्यावर साहेबाला फोटो वरती पाठवायचे होते, पण मोबाईलची बॅटरी उतरली होती. मी सोलरच्या नव्या बोर्डाकडे बोट दाखवलं. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ माझ्या टेबलामागे आला, कोळशाच्या विजेच्या जुन्या बोर्डात चार्जर खुपसला आणि तिथेच उभ्या उभ्या फोटोखाली लिहिलं, 'कोळशाचे दिवस संपले.'