मायाचा एकच निळा रंग

उणकलच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांचा कोड काळ्या स्क्रीनवर दिसतो. त्यावर जांभळी, हिरवी, नारिंगी अक्षरं, जत्रेतल्या रोषणाईसारखी. माया माझ्या शेजारी बसायला आली आणि पहिल्याच दिवशी तिनं ती बंद केली. पांढरट स्क्रीन, काळी अक्षरं आणि रंग एकच, निळा. तोही कॉमेंटना, म्हणजे कोड लिहिणारा पुढच्या माणसासाठी ज्या टिपा ठेवतो त्यांना. आमच्याकडे त्या इतक्या फिकट असतात की कुणी वाचतच नाही. रंग संपले का, म्हणून मी तिची चेष्टा केली. मशीनसाठीचं मशीन वाचेल, माणसासाठीचं मला आधी दिसू दे, असं ती म्हणाली.

आमचे टीम लीड श्रीवत्स सर बिथरले. क्लायंट आला की सगळ्या स्क्रीन सारख्या दिसल्या पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. मायाला नोकरीत कायम करायच्या पत्रावर सही त्यांचीच व्हायची होती. शुक्रवारपर्यंत रंग बदल, नाहीतर पत्र विसर, असं त्यांनी सगळ्यांसमोर कन्नडमध्ये सुनावलं. मीही तिला शहाणपण शिकवलं.

"यशवंतअण्णा, बाकी सगळं सरांच्या मर्जीनंच करतेय की," ती म्हणाली. "डोळे तरी माझे राहू देत."

मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर मी कधीच वाकलो होतो आणि ही वाकत नव्हती, त्याचा राग.

गुरुवारी तिच्याकडे एका दवाखान्याचा प्रोग्रॅम आला. पेशंटना तारखेच्या आदल्या दिवशी मेसेज पाठवणारा. खेड्यातले पेशंट तारखा चुकवतात, ही दोन वर्षांची तक्रार. ते विसरभोळे आहेत म्हणून आम्ही ती झटकून टाकायचो. मायाला निळ्या अक्षरांत एक टीप दिसली: आडनाव नसेल तर वगळा, तात्पुरतं, नंतर काढा. आमच्या भागात कितीतरी लोक आडनाव लावत नाहीत. रिकाम्या रकान्यावर प्रोग्रॅम अडायचा, म्हणून घाईत कुणीतरी अशा पेशंटना वगळणारी ओळ घातली होती आणि शेजारी ती टीप. त्यांना मेसेज कधी गेलेच नव्हते.

ते कुणीतरी म्हणजे मी.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तिनं तो कोड भिंतीवर दाखवला, स्वतःच्याच रंगांत. हे कुणी लिहिलं, सरांनी विचारलं. कोडच्या नोंदीत तिनं माझं नाव पाहिलं होतं, तरी तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"लिहिणाऱ्यानं काढायला सांगून ठेवलं होतं, सर. आपण ते दिसेनासं केलं."

मला लाज वाटली. उठून मी सांगितलं, ओळ माझी आहे.

सर मायाला म्हणाले, ओळ आजच काढ, आणि ते रंगही.

"ओळ काढते," माया म्हणाली. "रंग नाही."

पत्रावर अजून सही झालेली नाही. सोमवारी तिची स्क्रीन पांढरीच होती, आणि आडनाव नसलेल्या लक्कव्वा नावाच्या पेशंटला दोन वर्षांत पहिल्यांदा मेसेज गेला.