मेलाती की बिस्कुट? जोहोरला घोडा निवडायला गेलो तेव्हा

आमच्या घरात बरेच दिवस एकच भांडण चालू होतं. एसी किती वर ठेवायचा यावरून नाही आणि सासरच्यांवरूनही नाही. घोड्यावरून.

मी सायली, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आयटी मॅनेजर. नवरा निखिल सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा त्याला पगार मिळतो. दोघंही पुण्याचे, राहतो सिंगापूरच्या बेडोकला. चाळिशीत मी हट्टानं घोडेस्वारी शिकायला घेतली आणि 'तू पडशील' असं म्हणत सोबत येता येता तोही शिकला. पण रिंगणात गोल गोल फिरून किती फिरणार? सिंगापूरमध्ये घोडा मोकळा सोडायचा म्हटलं तर तो चार उड्यांत समुद्रात! म्हणून पलीकडे मलेशियात, जोहोरमधल्या एका फार्मवरचा घोडा वर्षभरासाठी भाड्यानं घ्यायचा आणि सुट्टीच्या दिवशी जाऊन चालवायचा, असं ठरलं.

फार्मवर दोन घोडे रिकामे होते आणि आम्हाला परवडणार होता एकच. मेलाती ही अरबी घोडी लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स स्पर्धेची. त्यात मोठं अंतर कमीत कमी वेळात कापायचं, पण मधेमधे पशुवैद्य घोडा तपासणार. नाडी वेळेत उतरली नाही तर तुम्ही बाद. दुसरा बिस्कुट, जाडजूड तपकिरी घोडा, ट्रेल स्पर्धेत तरबेज. त्यात वाटेवर ठिकठिकाणी परीक्षक बसतात. खोगिरावरूनच फाटक उघडा, पूल ओलांडा, घोडा मागे घ्या. प्रत्येक गोष्टीला गुण. फार लवकर पोहोचलात तरी गुण कापतात.

मला मेलाती हवी होती. जिथे गुण कापले जातात तिथे निखिल सुखी, त्यामुळे त्याला बिस्कुट. शेवटी फार्मच्या मालकीणबाईंनीच तोडगा काढला, "दोन दिवस या, दोन्ही करून बघा, मग भांडा."

शनिवारी उजाडायच्या आत निघालो. कोणी जाणार असाल तर सांगते: भाड्याची गाडी मलेशियात न्यायची परवानगी असलेलीच घ्या, पेट्रोलची टाकी पाऊण तरी भरलेली असू द्या, तसा इकडचा नियमच आहे, आणि हेल्मेट स्वतःचं न्या. वूडलँड्सच्या सीमानाक्यावर रांग होतीच. रांगेत निखिलनं मला ट्रेल स्पर्धेचे नियम वाचून दाखवले. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं.

"झोपलीस?"

"हो."

"बरं, मग पुढचा नियम ऐक."

पलीकडे गेल्यावर कोटा टिंग्गीच्या रस्त्याला पहिल्याच टपरीवर थांबलो. माझ्यासाठी केळीच्या पानातला नारळी भात, वर तळलेली सुकी मासळी. निखिल शाकाहारी, त्यानं पराठ्यासारखी रोटी चनाय आणि डाळ मागवली. डाळीच्या वाटीत तळाला काही सापडतंय का, हे त्यानं चमच्यानं नीट टेस्ट करून घेतलं. पुढचा सगळा रस्ता पाम तेलाच्या झाडांमधून. दोन्हीकडे तीच झाडं, तेवढ्याच अंतरावर. थोड्या वेळानं आपण जागेवरच उभे आहोत असं वाटायला लागतं.

फार्मच्या मालकीणबाई रोहाना, पन्नाशीच्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, गळ्यात स्टेथोस्कोप. त्या स्वतः पशुवैद्य. त्यांनी सांगितलं, की आज मेलातीवर पहिली फेरी मी करायची, मग तपासणी, मग दुसरी फेरी निखिलनं.

मेलातीबद्दल काय सांगू! टाच लावायच्या आधीच ती निघाली. लाल मातीचा रस्ता, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आणि मी मोठमोठ्यानं हसतेय. चौखूर जाताना विचार करायला वेळच नसतो, आणि मला तेच आवडतं.

परत आले तर रोहानाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या मेलातीच्या छातीला स्टेथोस्कोप लावून उभ्या. आम्ही तिच्या अंगावर बादल्याच्या बादल्या पाणी ओततोय, पण नाडी उतरेना. माझं हसू तेवढं उतरलं. निखिलची फेरी आता होते की नाही, तेही कळेना. बाईंनी त्याच्या कानात स्टेथोस्कोप घातला आणि म्हणाल्या, "ऐक. घाई करू नकोस."

तो कितीतरी वेळ डोळे मिटून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "उतरतेय. सायली, अगं, उतरतेय!"

भरपूर विश्रांतीनंतर बाईंनी त्याला सोडलं, पण छोट्या फेरीला. तो परत आला तेव्हा पाहते तर काय, मेलातीची पाठ रिकामी आणि हा तिच्या बाजूनं लगाम धरून पायी धावतोय! शर्ट चिखलानं माखलेला.

"पडलास?"

"छे! उतारावर तिला ओझं कशाला? उतरलो आणि पळालो." त्यानं आल्या आल्या तिची नाडी मोजली आणि बाईंकडे अशा अभिमानानं पाहिलं, जणू ती त्याचीच होती.

रविवारी बिस्कुट. परीक्षक होते अंकल लिम, निवृत्त शाळामास्तर, छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर. फाटकापाशीच माझी फजिती झाली. मी कडी धरली, बिस्कुट गवत खायला पुढे गेला आणि मी कडीला लोंबकळले. "फाटक उघडायचंय, तोडायचं नाही ला," अंकल इकडच्या सगळ्यांसारखं शेवटी 'ला' लावून शांतपणे म्हणाले.

मग लाकडी पूल आला. खाली गुडघाभर पाणी, कठडा नाही. बिस्कुटनं फळीवर एक पाय ठेवला, आवाज झाला आणि मी लगाम घट्ट आवळला. वेगात असताना कधी कळलंच नव्हतं, की मला इतकी भीती वाटते. पलीकडच्या काठावर निखिल उभा होता. बाहेरून सल्ला दिला तर गुण कापतात, हा नियम त्यानंच मला वाचून दाखवला होता. त्यानं दोन्ही हात खिशात घातले, ओठ घट्ट मिटले. आमच्या लग्नानंतर तो इतका वेळ गप्प राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"सोडून देता येतं. शून्य गुण," अंकल म्हणाले.

मी मान हलवली, पण 'हो' की 'नाही' ते मलाच ठाऊक नव्हतं. बिस्कुटनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो मुळीच घाबरलेला नव्हता. मी काय म्हणते याची वाट बघत होता. मी श्वास सोडला, लगाम सैल केला. एक फळी. थांबलो. आणखी एक. पलीकडे पोहोचले तेव्हा मी रडत होते आणि निखिल अजून ओठ मिटूनच होता.

"आता बोल की रे!"

"अंकल, आता बोलू?" त्यानं आधी परवानगी काढली.

गुण फार वाईट मिळाले. पण परतीच्या रांगेत मी म्हणाले, "बिस्कुट घेऊ या." त्याच क्षणी तो म्हणाला, "मेलाती." दोघंही हसलो, आणि मग भांडण जसंच्या तसं पुन्हा सुरू झालं, फक्त बाजू बदलून.

सोमवारी रोहानाबाईंना फोन केला. त्या सरळ म्हणाल्या, की मेलातीला आठवड्यातले बहुतेक दिवस पळवावं लागतं. फक्त सुट्टीला येणाऱ्यांनी तिला स्पर्धेत उतरवणं म्हणजे तिच्यावर अन्याय. तुम्हीही अशा निवडीत असाल तर आवडीआधी हा हिशेब करा: रोज घोड्यापाशी जाता येणार असेल तर एन्ड्युरन्स, नाहीतर ट्रेल. निखिलनं फोन ठेवला. मला वाईट वाटलं, कारण जिंकले होते मी. संध्याकाळी त्यानं बाईंना स्वतःच फोन लावला आणि विचारलं, की स्पर्धांच्या दिवशी नाडी मोजायला माणूस लागतो का. लागतो म्हणाल्या. आता त्याचा स्वतःचा स्टेथोस्कोप आहे आणि रविवारी दुपारी मी झोपले तरी तो माझे ठोके मोजतो.

बिस्कुट आमचा झाला. पुढच्या स्पर्धेत घोडा जमिनीवरच्या काठीवरून आडवा, बाजूला पावलं टाकत न्यायचा आहे. बिस्कुटआधी आपल्याला जमलं पाहिजे, असं निखिलचं म्हणणं. म्हणून काल संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये तो पुढे, मी त्याच्या मागे खांदे धरून, असे चार पायांचा घोडा होऊन जमिनीवर ठेवलेल्या मॉपच्या काठीला न शिवता आडवे चालत होतो. शेजारच्या चिनी आजी दार उघडून बघत राहिल्या. काय चाललंय हे त्यांनी विचारलंच नाही.

"पुढचा बरा," त्या म्हणाल्या. "मागची पाय आपटते ला."

निखिल वळून म्हणाला, "आजी, गुण सांगा ना!"