फिलिमकाकांची ओटी

फिलिमकाका वाईट बातमी सांगायला लागले तरी माणसं आधीच हसायला लागायची. चेहराच मेला तसा! हिंदी सिनेमांत हवालदार, मुनीम आणि बावळट मेहुणे करण्यात जन्म गेलेले हे गृहस्थ अन्नपूर्णा भागात आमचे शेजारी होते. 'सर्वोत्कृष्ट विनोदी अभिनेता' म्हणून मिळालेली पितळी बाहुली त्यांनी दार आपटू नये म्हणून खाली टेकवून ठेवली होती. "भिया, एवढंच काम करते, पण इमानदारीनं करते," म्हणायचे.

काकू मात्र सत्काराला कधी जात नसत. लग्न नवं असताना एकदा गेल्या होत्या. निवेदकानं त्यांना मंचावर ओढलं आणि तोंडापुढे माइक धरून विचारलं, घर में भी ऐसे ही नाचते हैं क्या? सगळा हॉल हसला. काकू खाली उतरल्या त्या पुन्हा मंचावर चढल्या नाहीत. काकांच्या जिवाला ते फार लागलं होतं. प्रत्येक आमंत्रण आलं की ते विचारत, काकू नाही म्हणत, आणि काका सन्मानाची शाल घेऊन एकटेच परत येत. मला तर दोघांचाही राग यायचा.

गेल्या वर्षी आमच्या मराठी मंडळानं त्यांचा सपत्नीक सत्कार ठरवला. काकांनी अट घातली की बायकोला कुणी काही विचारायचं नाही, थट्टा नाही, मानानं ओटी भरायची आणि बस. आणि काकू चक्क हो म्हणाल्या! ठेवणीतली पैठणी काढली, तिच्यावर नवा ब्लाउज शिवायला टाकला. तो शिवून यायच्या आधीच न्यूमोनियानं गेल्या. देव तरी काय बघतो कोण जाणे.

कार्यक्रम पुढे ढकलला, पण झाला. काका आले, शाल घेतली. निवेदिका बाहेरून आणलेली, तिला काही ठाऊक नव्हतं. आधीच छापलेला कागद तिनं तसाच वाचला, "आता सौभाग्यवती काकूंची ओटी भरली जाईल." ताट घेऊन निघालेल्या अध्यक्षीणबाई मंचावर मध्येच थिजल्या.

काका खुर्चीवरून उठले. बायका पदर पसरतात तसं त्यांनी शालीचं टोक दोन्ही हातांनी पुढे पसरलं. हॉल खो खो हसला, सवयच ती.

काकांनी ते हसू पुरतं ओसरू दिलं. मग हळूच म्हणाले, "अहेव गेलीय ती. ओटी तिचीच आहे, भरा."

अध्यक्षीणबाईंनी घाईघाईनं ओंजळ शालीत ओतली, तर अर्धे तांदूळ मंचावरच सांडले. काका खाली वाकून ते एकेक करून वेचत राहिले, आणि हॉलमध्ये कुणीही हसलं नाही.