तुमचाच हाय साहेब!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. चांगली बारा वर्षं सरकारी फायली सांभाळलेला माणूस, दिवसाढवळ्या, कोणीही फसवत नसताना, आपला आपण येडा बनू शकतो का? शकतो! समोरच बसलाय तुमच्या.

झालं असं. आमच्या ऑफिसातल्या एकाची यवतमाळहून बदली झाली. सामान कमी करायचं म्हणून त्याने मुलाचा जुना व्हिडिओ गेम मला दिला. दिला म्हणजे विकला हो. टीव्हीला जोडायचा पांढरा डबा आणि वायरवालं एक रिमोट. आमची तेजू तेव्हा तिसरीत होती. खेळताना हरायला लागली की ती रिमोटचं बटण चावायची. तीन दिवस तिने जेवण कमी आणि बटण जास्त खाल्लं असेल.

चौथ्या दिवशी चित्र पळायला लागलं. पाचव्या दिवशी नुसत्या मुंग्या!

तुम्ही म्हणाल, मग त्यात काय एवढं? अहो, पण तेजूने उमरखेडच्या मामेबहिणीला फोनवर सांगून ठेवलं होतं, "आमच्या घरी गेम हाय, तू ये त खरी!" आणि ती सोनी पंधरा-वीस दिवसांनी, दिवाळीच्या सुट्टीतल्या रविवारी, खरंच येणार होती.

"बाबा, सोनी मले फेकू म्हणन," तेजू म्हणाली आणि तिने भोकाड पसरलं. मला फार वाईट वाटलं. मी छातीठोकपणे शब्द दिला, "रविवारी गेम चालू राहीन!"

शब्द दिला खरा, पण पुढे काय? आमच्याकडे वस्तू कोणी दुरुस्त करत नाही, 'बनवतात'. आणि विकत नाहीत, 'काढून टाकतात'. तर हा गेम बनवावा, की काढून टाकून दुसरा आणावा? बनवला आणि सोनीसमोरच पुन्हा बंद पडला तर? काढून टाकला आणि मागून कळलं, की नुसती वायर ढिली होती, तर? मी म्हणजे एक छत्री निवडायला दोन पावसाळे लावणारा माणूस!

शेवटी आमची मंगला कावली.

"अजी, तो डबा बनवा नाही त काढून टाका, पण तोंडातून काहीतरी बोला! आठ दिवस झाले, त्याच्यापुढं बसून नुसतं पाहून राह्यले!"

तेव्हापासून घरात त्या गेमचं नावच डबा पडलं.

मी डबा उचलला आणि कॉटन मार्केटच्या रस्त्यावर हमीदभाईंकडे गेलो. रेडिओ, टीव्ही, टेप, सगळं बनवणारा माणूस. आणि अदब किती! तुम्ही त्यांच्या टेबलावरच्या पंख्याला चांगला म्हणा, लगेच छातीवर हात ठेवून, "तुमचाच हाय साहेब!" चहाच्या कपाला चांगलं म्हणा, "तुमचाच हाय!" एकदा मी सहज त्यांच्या टोपीकडे पाहिलं, तर ती उतरवायलाच लागले.

दुकान मात्र गच्च भरलेलं. कापसाचे ते दिवस तुम्हाला माहीतच आहेत. भाव पडलेला, विकलेल्या कापसाचे चुकारे अडकलेले, हातात पैसा नाही. लोक टीव्ही बनवायला टाकायचे आणि न्यायला यायचेच नाहीत.

"बनवून ठेवून राह्यलो साहेब, पण नेऊनच कोणी नाई राह्यलं," हमीदभाई म्हणाले. "लय दिवस झाले, की मालकाले इचारतो अन् काढून टाकतो."

हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. माझ्या डोक्यात ते नको तितकं पक्कं बसलं होतं.

गुरुवारी ऑफिसात फोन वाजला. समोर मोठे साहेब, त्यांच्या हातात माझी चुकलेली फाईल, आणि फोनवर हमीदभाई!

"साहेब, तुमचा डबा पार सडला हो! काढून टाकू का?"

मोठे साहेब डोळे वटारून माझ्याकडे पाहत होते. मी विचार केला का? नाही.

"टाका, टाका!" म्हणालो आणि फोन ठेवला.

आधी तर इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पंधरा दिवसांत जो निर्णय मला झेपला नाही, तो हमीदभाईंनी एका मिनिटात करून टाकला. मग आठवलं, रविवार! शब्द! तेजू!

शनिवारी ऑफिसातून तडक दुकान गाठलं. लाइन गेलेली, दुकानात अर्धा अंधार.

"हमीदभाई, काढून टाकला का?"

"तो त त्याच दिवशी काढून टाकला साहेब."

"कोणं नेला?"

"भंगारवाल्यानं."

भंगारवाल्याने! "अन् पैसे?"

"सडेल डब्याचे कायचे पैसे साहेब?"

मी मटकन स्टुलावर बसलो. आता तेजूला काय तोंड दाखवू? तेवढ्यात फळीवर लक्ष गेलं. काळाकुळकुळीत, चकचकीत गेम! शेजारी कागदात गुंडाळलेलं रिमोट.

"हा चालू हाय का हो?"

"एकदम फस्टक्लास!"

"कोणाचा हाय?"

हमीदभाईंचा हात छातीवर गेला. "तुमचाच हाय साहेब!"

घ्या! इथे माझा जीव चाललाय आणि यांची अदब सुटत नाही.

"ते झालं हो. खरं सांगा ना, कोणाचा?"

हमीदभाईंनी एकदा गेमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "खरंच तुमचाच हाय साहेब. घेऊन जा ना."

"असा फुकट नाही नेत मी!" म्हणत मी त्यांच्या खिशात दोन नोटा कोंबल्या.

"साहेब, हे लय होते!"

"राहू द्या. पण ज्याचा हाय, तो आला त त्याले काय सांगान?"

हमीदभाईंनी गेम फळीवरून काढून माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाले, "ज्याचा हाय, तोच त घेऊन चालला साहेब."

मला वाटलं, शेर म्हटला! मी चक्क "वा, क्या बात है!" म्हणून दाद दिली आणि गेम काखोटीला मारून निघालो.

घरी आलो तर तिथेही लाइन नव्हती. पण ऐट काय कमी होती का आपली? "तो डबा काढून टाकला! त्याच्यापेक्षा भारी आणला!" मंगलाला म्हटलं. तेजू मात्र फुगून बसली. "मले तोच पाह्यजे व्हता."

रविवारी सोनी आली, लाइनही आली. गेम जोडला. काय चित्र, काय रंग! सोनीचं तोंड उघडं ते उघडंच. तेजूची इज्जत वाचली आणि माझी कॉलर ताठ झाली. फार तर पाच मिनिटं.

कारण तेजू रिमोटकडे टक लावून पाहत होती.

"बाबा, हे बटण म्या चावेल हाय."

"दुसऱ्याही पोट्ट्या चावत असतीन बेटा."

"नाई! हे पाहा, मधात पडेल दाताची जागा!"

आणि तिने सगळ्यांसमोर ते बटण पुन्हा चावून दाखवलं. खूण अगदी तंतोतंत बसली हो! मला काही कळेना. भंगारात गेलेल्या गेमचं रिमोट या गेमला कसं?

तेवढ्यात दारात हमीदभाईंची मोपेड थांबली. त्यांनी एक नोट माझ्यापुढे धरली.

"साहेब, माही मजुरी अन् नवा डबा धरून एकच नोट होते. काल तुमी आयकूनच नाई घेतलं."

"नवा डबा?" मंगलाने विचारलं.

"हो भाभी, वरचा डबा. जुना पांढरा सडला व्हता ना? साहेबाले फोन करून इचारलं अन् काढून टाकला. काळा बसवला."

मंगलाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. स्वतःचाच गेम दुप्पट पैसे देऊन विकत आणलेला माणूस दुसरीकडे कुठे पाहणार?

"भाऊ," ती गंभीर आवाजात म्हणाली, "तुमी नक्की काय काय बनवलं?"

"म्या फक्त गेम बनवला भाभी. साहेब त बनूनच आलते!"

पोरी हसून हसून लोळायला लागल्या. मंगलाने पदर तोंडाला लावला, कसंबसं हसू आवरलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"मंग आता यायलेही काढून टाकू का भाऊ?"

हमीदभाईंनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मग छातीवर हात ठेवला.

"नाई भाभी. तुमचेच हायत!"