टर्बो गाडीचे गचके

चामोर्शीहून गडचिरोलीकडे निघालं की गावाबाहेर जाफर मिस्त्रीचं गॅरेज लागायचं. गॅरेज म्हणजे टिनाचं छप्पर, गाडीखाली उतरायला खणलेला खड्डा आणि समोर एक कडुनिंब. दोन हजार सातच्या हिवाळ्यात जाफरला ते सगळंच नकोसं झालं होतं. गुडघे खड्ड्यात उतरू देत नव्हते. मुलगा जुबेर हैदराबादेत कामाला लागला होता आणि फोनवर एकच धोशा लावायचा, "अब्बा, बंद करा आता." बायको कमरजहाँचंही तेच म्हणणं. जाफर दोघांना हो म्हणायचा आणि सकाळ झाली की पुन्हा कुलूप उघडायचा.

अशात वामनरावांची गाडी आली. वामनराव धानाच्या गिरणीचे मालक. सगळी हयात जुन्या जीपमध्ये काढलेला माणूस. पण सुगंधाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पाठीच्या मणक्यात गाठ निघाली. केमोच्या सलाईनसाठी नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि जीपमधला प्रत्येक खड्डा बाईंच्या हाडात शिरू लागला. म्हणून त्यांनी नागपुरातल्या एका हौशी पोराची मोठी, मऊ गादीची पेट्रोल गाडी विकत घेतली. टर्बोवाली.

"जाफरभाऊ, बाकी सगळं बरं हाय," वामनराव म्हणाले, "पण ट्रक ओलांडायले पाय दाबला का गचके मारते. हिले सहन होत नाई."

जाफरने जुने स्पार्क प्लग काढले. टोकं झिजून गेली होती. त्याने नवे आणले आणि आजवर हाताखालून गेलेल्या सगळ्या पेट्रोल गाड्यांना ठेवायचा तेवढाच गॅप, म्हणजे ठिणगी उडायची फट, ठेवला, एक मिलिमीटरच्या जरा वर. गाडी उभ्या उभ्या अशी चालली की बोनेटवर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात तरंग उठला नसता. त्याला बरं वाटलं.

पुढच्याच नागपूर फेरीत गाडीने आधीपेक्षा जास्त गचके दिले. नागभीडच्या पुढे सुगंधाबाई इतक्या कळवळल्या की वामनरावांनी गाडी कडेला घेतली. मग उरलेला रस्ता ट्रकांच्या मागे मागे, बैलगाडीसारखा. परत आल्यावर त्यांनी किल्ली जाफरच्या हातात दिली आणि बाजेवर बसून राहिले. भांडले असते तर जाफरला सोपं गेलं असतं.

त्याने कॉइल तपासल्या, पेट्रोलचा फिल्टर बदलला, वायरी झटकून पाहिल्या. गचका जागचा हलेना. शेवटी त्याने बिरजूला फोन लावला. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. बिरजू पुढे नागपूरला गेला आणि तिथल्या भारी गाड्यांत रमला.

"गॅप किती ठेवला?" बिरजूने पहिलं हेच विचारलं. जाफरने सांगितलं.

"अरे बापा! टर्बो हवा कोंबून भरते ना. तेवढ्या दाबात इतकी लांब ठिणगी उडतच नाई, विझते. गॅप कमी कर."

"किती?"

"कंपनीचा पॉइंट आठ असते. पण त्या पोट्ट्यानं टर्बोचा दाब वाढवून घेतला असन, तं मले इथून कसं समजन? कमी करत जाय. लयच कमी झाला तं उभी गाडी थरथरन. गचका जाते तिथी थांब."

संध्याकाळी घरी नेलेली गाडी वामनराव दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले, तर मागच्या सीटवर उशा लावून सुगंधाबाई बसलेल्या.

"बाई, तुमी काऊन आल्या?" जाफर म्हणाला.

"तुमाले दोघायले मोठे गचके समजतात," त्या म्हणाल्या. "बारीकवाले मलेच समजतात."

पॉइंट आठ करून गाडी रस्त्यावर घेतली. मोकळा पट्टा आला, वामनरावांनी वरच्या गिअरमध्येच पाय पूर्ण दाबला. शेजारी बसलेल्या जाफरला काही जाणवलं नाही. मागून बाई म्हणाल्या, "आला."

परत गॅरेज. पण तापलेल्या इंजिनातून प्लग ओढून काढता येत नाही, ॲल्युमिनियमचे आटे त्याच्यासोबत निघून येतात. इंजिन निवेपर्यंत थांबणं आलं. वामनराव पाय मोकळे करायला गेले. जाफर गाडीच्या उघड्या दाराशी टायरवर टेकला.

"तुमी बी थकले ना, जाफरभाऊ?"

"हो बाई."

"मी बी. नागपूर आता पुरे म्हणते मी. पण ह्यायले सांगवत नाई. माह्यासाठी हे एवढी गाडी घेऊन बसले." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मंग मनाशी म्हटलं, ह्यायचं मन राहू दे, जाईन. पण गचका नको."

जाफर उठला. त्याने त्यांना पाणी दिलं.

इंजिन निवल्यावर त्याने घाई केली. आता पुन्हा पुन्हा काढघाल करायचं त्याच्या अंगात त्राण नव्हतं. त्याने एकदम पॉइंट पाचवर आणून टाकलं. रस्त्यावर गचका साफ गेला. पण गॅरेजसमोर गाडी उभी राहिली आणि तिचं सगळं अंग थरथरायला लागलं. मागे पाहिलं तर जाफरला बाईंचे मिटलेले ओठ दिसले.

"हे तं गचक्यापेक्षा वाईट हाय," त्या हळूच म्हणाल्या. "दातात खडा आल्यावानी."

जाफरला स्वतःचीच चीड आली. पुन्हा थांबणं. या वेळी त्याने चष्मा पुसला आणि एकेक प्लग हातात घेऊन वरची दांडी अगदी हलकेच उचलली. फट मोजायच्या फिलर गेजची पात किंचित अडत सरकेल इतकीच. मधल्या बारीक टोकाला धक्का लागू दिला नाही. पॉइंट सातच्या अंमळ आत.

गाडी उभी राहिली तेव्हा शांत होती. मोकळ्या पट्ट्यावर वामनरावांनी पाय दाबला. गाडी लोण्यासारखी पुढे गेली. त्यांनी एक ट्रक ओलांडला, मग दुसरा.

"बाई, आला का?" जाफरने विचारलं.

उत्तर नाही.

"बाई?"

वामनरावांचा हात स्टिअरिंगवर घट्ट झाला. जाफरने वळून पाहिलं. सुगंधाबाईंचं डोकं उशीवर कलंडलं होतं, तोंड थोडं उघडं होतं आणि श्वास संथ चालला होता.

"झोपल्या," जाफर म्हणाला.

"कितीक दिवसांत दिवसा डोळा लागला नव्हता तिचा," वामनराव म्हणाले. त्यांनी गाडी परत वळवली नाही. गडचिरोलीची घरं दिसेपर्यंत दोघं तसेच पुढे गेले, पाय दाबायचा तेव्हा दाबत, सोडायचा तेव्हा सोडत.

त्यानंतर बाई उन्हाळाभर नागपूरला गेल्या. प्रत्येक फेरीआधी जाफर प्लग काढून पाहायचा, कारण टोक झिजलं की गॅप आपोआप वाढतो. मृगाच्या आधी त्या घरीच वारल्या. वामनरावांनी गाडी विकली. घेणाऱ्याला जाफरने गॅप किती ठेवायचा ते दोनदा सांगितलं.

दिवाळीनंतर त्याने गॅरेज बंद केलं. हैदराबादेला काही गेला नाही. वामनराव संध्याकाळी त्याच्या अंगणात येऊन बसू लागले. कमरजहाँ चहा ठेवून आत जायची. चहा निवून जाई, तरी कुणी उठत नसे.